कोल्हापूर, आखाड आणि बोटीवरची माणसं

माझं माहेर रत्नागिरीजवळ. आमच्याकडे वाडीगणिक एखादा माणूस ‘बोटीवर’ असतोच. त्यामुळे पीएचडीला व्यापारी जहाजांवर राबणाऱ्यांचा विषय घेतला, तेव्हा घरात कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते मी फील्डवर्कला कोल्हापूरला निघाले तेव्हा. “समुद्र दाराशी टाकून तू घाट चढून कुठे चाललीस गो?” हा आजीचा प्रश्न.

तर त्याचं झालं असं. मुंबईत मी दोन महिने बॅलार्ड इस्टेटच्या गल्ल्यांमध्ये, कचेऱ्यांच्या बाहेर उभी राहून मुलाखती घेतल्या. तिथे आलेला माणूस काम शोधायला आलेला असतो. काखेत फाइल, एक डोळा दारावर. दोन वाक्यं बोलतो आणि तिसरं गिळतो. कार्डिफ विद्यापीठात १९९५ पासून फक्त जहाजी लोकांवर संशोधन करणारं केंद्र आहे, तिथली मंडळी जहाजावर मुक्काम करून अभ्यास करतात. माझ्या फेलोशिपमध्ये जहाज बसत नाही, एसटी बसते. शेवटी आमच्या गाइड बाई म्हणाल्या, “माणूस जिथे रजेवर असतो तिथे जा.” हाताशी असलेल्या नावांपैकी पाच-सहा कोल्हापूर जिल्ह्यातली निघाली. जुलै महिना होता. चार दिवस ठरवले.

नावं कुणाचीच देणार नाही, तसा शब्द दिलाय. ही दुनिया इतकी लहान आहे की कंपनी आणि हुद्दा सांगितला तरी माणूस ओळखू येतो.

गुरुवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी उतरले ती थेट पावसात. राजारामपुरीत मैत्रिणीच्या मावशीकडे उतरायचं होतं. मावशींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “भिजलीस की! पाय पूस, मिसळ खायला जाऊ.” चहासुद्धा नाही. कोल्हापुरात सकाळी मिसळ आधी, बाकीचं जग नंतर.

मिसळीबरोबर मी सवयीने पाव मागितला. पोऱ्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि ब्रेडच्या जाड स्लाइस ठेवून गेला. इथे मिसळ ब्रेडबरोबर खातात. कट वेगळ्या वाटीत येतो, संपला की पुन्हा येतो. दुसऱ्या वाटीला माझ्या कानातून वाफा निघत होत्या. मावशी चौथीवर होत्या.

दुपारी शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून प्रश्नावली नीट केली. १९६२ सालचं हे विद्यापीठ ज्या माळावर उभं आहे त्याला सागरमाळ म्हणतात. समुद्र इथून शंभर किलोमीटरच्या पलीकडे, मध्ये अख्खा सह्याद्री, आणि नाव सागरमाळ. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, उगाचच.

संध्याकाळी पहिली मुलाखत, एका तरुण थर्ड ऑफिसरची. मी शहाणपणा करून त्याला कॉफी शॉपमध्ये बोलावलं आणि टेबलावर रेकॉर्डर ठेवला. झालं! मुलगा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठ. कामाचे तास विचारले तर घडाघडा म्हणाला: चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला किमान ७७, ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा. एमएलसी म्हणजे २००६ चा सागरी कामगार करार, त्यातला हा नियम. भारताने तो २०१५ साली मान्य केला. मला तो पाठ होता, त्यालाही होता. दोघांनी मिळून एकमेकांना म्हणून दाखवला, एवढाच त्या मुलाखतीचा हिशोब. निघताना मात्र बाइकला किल्ली लावत तो म्हणाला, “मॅडम, खरं सांगू? घरी आलो की पहिले पंधरा दिवस पहाटे चारला डोळे टक्क उघडतात. चार ते आठ वॉच होता ना.” वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी. रेकॉर्डर तेव्हा पिशवीत होता.

असल्या कामाला कुणी जाणार असेल तर अनुभवाचं सांगते: कॉफी शॉप नको. घरी जा, आणि अकराच्या पुढे जा. सकाळी दूध, जनावरं, देवपूजा असते. पगाराचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचाच नाही. त्याऐवजी सीडीसी बघायला मागा. पासपोर्टसारखं ते पुस्तक प्रत्येक जहाजी माणसाकडे असतं. कोणत्या जहाजावर कधी चढला आणि कधी उतरला, सगळं शिक्क्यांनिशी. एकेक पान उलटलं की माणूस आपणहून बोलायला लागतो.

शुक्रवार

या दिवसासाठी पुन्हा कोल्हापूरला जाईन.

प्रयाग चिखलीच्या बाजूला एका गावात बोसनकाकांकडे जायचं होतं. डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे बोसन. एसटीतून दोन्ही बाजूंना ऊस आणि पाणी, पाणी आणि ऊस. शेजारच्या आजोबांना मी कुणाकडे चाललेय ते सांगितलं, तर म्हणाले, “नेवीतलं घर व्हय? बंदूक देत्यात काय वो त्यास्नी?” इथे घराघरातून फौजेत जाणारे, त्यामुळे मर्चंट नेव्ही म्हटलं की लोकांना तोफाच दिसतात. काकांना सांगितल्यावर ते खो खो हसले. “बंदूक न्हाई, झाडू!”

काका अठ्ठावीस वर्षं जहाजावर आहेत. हातांच्या बोटांत पेरांपेक्षा गाठी जास्त. सुरुवातीला जुन्या खलाशांबरोबर काम केलं तेव्हा बोसनला सारंग म्हणायचे, त्याच्या हाताखाली टंडेल, कोठीवर कसाब, स्वयंपाकाला भंडारी. आता सगळे हुद्दे इंग्रजी झाले. काम तेच: गंज खरवडणं, रंग मारणं, दोर ओढणं. आणि होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातली माल भरायची कोठारं, धुणं. त्यावर ते अर्धा तास बोलले.

“कोळसा उतरला आन् फुडं गहू भरायचाय, समजा. मधी चार दिवस. होल्ड पाच. येक होल्ड म्हंजे आपल्या गावची तालीम उभी-आडवी दोनदा बसंल. वरनं खालपर्यंत झाडायचं. मग खाऱ्या पाण्यानं धुवायचं, मग गोड्या. सर्व्हेअर येतो, कोपऱ्यात हात फिरवतो. काळं निघालं की परत.”

“मग झोप?”

“झोप कागदावर.”

हे बोलून ते गप्प झाले. काकी पलीकडे लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “त्यास्नी काय इचारताय? मी लिवतो की सगळं. माझ्याकडं हाय.”

इथे थांबून एक सांगते. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात. मला ठाऊक होतं, पण रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणारी माझी मैत्रीण पुण्याची. तिने त्या वाक्यापुढे कंसात लिहून पाठवलं: ‘हा दुसरा पुरुष कोण?’

काकींनी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून कॅलेंडर काढून आणलं. पुढच्या बाजूला सण, एकादशी, संकष्टी. मागच्या बाजूला दुधाच्या हिशोबाच्या रकान्यात बारीक निळ्या अक्षरांत जहाज. ‘फो’ म्हणजे फोन आला, पुढे आपल्या घड्याळातली वेळ. ‘का’ म्हणजे आत्ताच काम सुटलंय. ‘झो’ म्हणजे झोप काढून मग फोन केलाय. कुठे ‘१ तास मागं’, कुठे ‘१ तास फुडं’. जहाज पश्चिमेला चाललं की घड्याळ मागे घेतात, पूर्वेला चाललं की पुढे.

“मागं गेलं की ह्यास्नी तासभर झोप जास्त मिळती,” काकी म्हणाल्या. “फुडं गेलं की कापती. मी ओळखतो आवाजावरनं.”

मी जमिनीवर मांडी ठोकून बसले आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरातला एक आठवडा वहीत उतरवून काढला. बंदरातले दिवस होते. एका दिवशी तीन फोन, तिन्हींपुढे ‘का’, आणि एकाही दोन फोनांच्या मध्ये सहा तास नाहीत. मग काकांना विचारलं, त्या दिवसाचा विश्रांतीचा तक्ता आहे का? या तक्त्याची प्रत कामगाराला द्यावीच लागते, असा नियम आहे. काकांनी पत्र्याच्या पेटीतून फाइल काढली. प्रत होती. खाली त्यांची सही. त्या दिवशी सलग सहा तास आणि वर चार, एकूण दहा. चौकोन कसे रेघेत भरलेले. एका गुडघ्यावर तो तक्ता आणि दुसऱ्यावर दुधाचा हिशोब ठेवून मी बघत बसले.

“कॉम्प्युटरवर भरताना लाल झालं की दुरुस्त करायचं,” काका म्हणाले. “याला फ्लॉगिंग म्हंत्यात. सगळीकडं हाय. लाल तसंच ठेवलं तर बंदरावरचा इन्स्पेक्टर जहाज धरणार. जहाज धरलं तर कंपनी मला धरणार.”

गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने तुरुंग, मठ, बराकी यांच्या पंगतीत जहाजालाही बसवलंय: जिथे काम, जेवण, झोप सगळं एकाच छपराखाली आणि एकाच हुकमाखाली चालतं. माझ्या शोधनिबंधाचा पहिला अध्याय त्याच्यावर आहे. त्या छपराबाहेर, हजारो मैलांवर, कुणी गॅसशेजारी उभं राहून या माणसाच्या झोपेची नोंद ठेवत असेल, हे माझ्या अध्यायात कुठेच नव्हतं.

मग जेवण. आखाड चालू, श्रावण तोंडावर, त्यामुळे घरोघरी मटण शिजत होतं. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, त्यामुळे मला तो घरचा वाटला. मी तसं म्हटल्यावर काकी म्हणाल्या, “नारळ तुमचा, रस्सा आमचा.” काका फक्त एवढंच बोलले की जहाजावर नऊ महिने हेच आठवतं, आणि घरी आलं की चार दिवसांत पोट बिघडतं.

जेवणानंतर काकींनी आणखी एक कॅलेंडर दाखवलं. २०१९ चं. ऑगस्टचं पान फुगून कडक झालेलं, शाई पसरून निळे डाग. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद होता. काका तेव्हा अटलांटिकच्या मध्यावर. घरात पाणी शिरलं तेव्हा काकींनी पोरांना, म्हशीला आणि काकांच्या कागदांच्या पेटीला बाहेर काढलं. कॅलेंडर खिळ्यावरच राहिलं. टॉवर बंद, फोन बंद.

“चार दिवस,” काका म्हणाले. “कॅप्टननं सॅटेलाइट फोन दिला. लावतोय, लावतोय, वाजतच न्हाई. मी जहाजावर कोरडा. समुद्र गप. आन् बुडतंय घर.”

पानावर त्या चार चौकटींत काही नाही. पाचव्या चौकटीत ‘फो’. वेळ लिहिलेली नाही.

परतताना संध्याकाळी टेंबलाईच्या रस्त्याला रिक्षा अडकली. समोर गर्दी, ढोल, ‘पी ढबाक’ असा ताल, आणि डोक्यावर पाण्याचे कलश घेतलेल्या भिजलेल्या बायका. आखाडात मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी नेऊन त्र्यंबोलीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या, देवळात ओततात. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून हात जोडले. मीही जोडले. पुरातून उठलेलं गाव नव्या पाण्याला वाजतगाजत नेतंय, हे दोन तासांपूर्वी पाहिलेल्या पानाशी कसं जुळवायचं, मला अजून कळलेलं नाही.

शनिवार

सकाळ वाईट गेली. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात वीस-बावीस वर्षांचा मुलगा भेटला. एजंटने साडेतीन लाख घेतले, ‘मोठं जहाज’ म्हणून विमानात बसवलं आणि परदेशी बंदरात एका जुनाट छोट्या बोटीवर चढवलं. करारपत्र नाही, पगार नाही. चार महिन्यांनी परत आला तो अंगावरच्या कपड्यांनिशी. वडील सबंध वेळ ओट्यावर बसून होते. एकदाच बोलले: “उसाचं बिल आलं की व्याज जातंय.”

ज्यांच्या घरातलं कुणी या वाटेला जाणार असेल त्यांनी एवढं वाचाच. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो, आणि तो क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. सीडीसी आणि आयएनडीओएस (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला) क्रमांक हातात नसताना कुणी ‘थेट जहाजावर’ म्हणत असेल तर तिथूनच घरी यायचं.

मन लागेना म्हणून दुपारी टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात गेले. (सोमवारी बंद असतं. बाहेरच्या बागेत पावसात बसायला जागा नाही, छत्री न्या.) ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात उत्खनन झालं, तिथे सापडलेली वस्तू पाहायची होती. पहारेकऱ्याला विचारलं तर त्याने न बघता बोट केलं, “पोसायडन व्हय? तिकडं.” वीतभर उंचीची कांस्यमूर्ती. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापाराबरोबर सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून घाट चढून पंचगंगेकाठी आलेला. म्हणजे समुद्र सोडून घाट चढणारी मी काही पहिली नाही. आजीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: ‘जेवलीस का?’

संध्याकाळी गुरुवारच्याच थर्ड ऑफिसरचा फोन. “मॅडम, पाणी बघायला येताय काय?” पावसाळ्यात कोल्हापूरकर पाणी बघायला जातात, जसे मुंबईकर चौपाटीवर जातात. राजाराम बंधाऱ्यावर छत्र्यांची गर्दी, कणसंवाला, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. त्या दिवशी ३६ च्या आसपास होतं. “उद्या एकोणचाळीस करतंय बघ,” एक जण पैज लावल्यासारखा म्हणत होता.

आमच्या पठ्ठ्याने मात्र पट्टीकडे बघून डोळे बारीक केले. “लाटेत आकडा असा नाही वाचायचा. खाली किती जातंय बघायचं, वर किती येतंय बघायचं, मधला धरायचा.” जहाज पाण्यात किती बुडालंय ते पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना असं सहा ठिकाणी वाचतात. माल किती भरला तो हिशोब त्यावरून निघतो, आणि पहाटे तीनला शिडीवर लोंबकळून टॉर्चच्या उजेडात वाचायचा असतो तो धाकट्या ऑफिसरनेच. मग एकेक गोष्ट निघाली. त्याचा मित्र २०२० साली जहाजावर अडकला होता. त्या वर्षअखेरीस जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही उतरू शकले नव्हते, त्यातला एक. त्या मित्राने परत आल्यावर पोल्ट्री काढली. “कोंबड्या तरी संध्याकाळी झोपतात,” म्हणतो म्हणे.

रेकॉर्डर मी घरीच ठेवला होता. सगळं रात्री आठवून लिहिलं. मावशींनी अकराला दिवा घालवला तेव्हा मोबाइलच्या उजेडात.

रविवार

रात्रीची गाडी होती, पण आधी पुन्हा चिखलीच्या बाजूला जाणं भाग होतं. कॅलेंडरच्या नोंदी वापरायच्या तर परवानगी हवी. निघण्याआधी मावशींनी पाण्याची पातळी विचारून घेतली, मगच सोडलं. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांना जायचं तर हा पहिला फोन, एसटीचं वेळापत्रक नंतर.

काकांचा चेहरा शुक्रवारसारखा नव्हता. रात्रभर विचार केला असावा. “तारीख, बंदर, जहाज यातलं काही छापून आलं तर मला परत कोण घेणार? करार संपला की पगार बंद. रजेचे पैसे आधीच पगारात धरलेले. घरी बसलेला खलाशी म्हंजे बेकारच की.” बरोबर होतं. माझ्या संमतीपत्रात ‘कोणताही धोका नाही’ असं एक छापील वाक्य आहे, ते मी त्यांच्यासमोर खोडलं. मग ठरलं: फक्त तास घ्यायचे. बंदर, महिना, वर्ष काही नाही. तक्ता अजिबात नाही.

“तक्ता तुमचा,” काकी म्हणाल्या. “कॅलेंडर माझं हाय. मी लिवतो, मी देतो.”

संमतीपत्रात सहीच्या वर ‘दर्यावर्दी’ आणि ‘कुटुंबीय’ असे दोन चौकोन होते. काकींनी विचारलं, कुठल्यावर खूण करू? मी म्हटलं, दुसऱ्यावर. त्यांनी केली, पण मला ते सांगताना अवघडल्यासारखं झालं. ते चौकोन मीच छापून आणले होते.

चहा झाला. त्यांनी कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर अडकवलं आणि आजच्या रकान्यात ‘दीड लि.’च्या खाली लिहिलं: ‘म्याडम आल्या. सही.’ मी बघतेय म्हणून त्या जरा बाजूला झाल्या. पुढच्या महिन्याचं पान वाऱ्याने उलटलं. तिथे एका सोमवारी ‘चढणार’ असं लिहिलेलं होतं. बाकी सगळी नोंद निळ्या पेनाने, एवढंच शिसपेन्सिलने.

“पेन्सिलनं का?”

“तारीख मागं-फुडं हुती की,” काकी म्हणाल्या. “गेले की मग पेनानं.”